बातम्यांमागची टकटक

किल्ली एक घर फिरवली की रेडिओ लागतो, आणखी एक घर फिरवली की इंजिन. या दोन घरांच्या मध्ये जरा वेळ रेंगाळायची सवय मला आमच्या फियाटने लावली. पहिल्या घरात आकाशवाणीचं पुणे केंद्र इतकं स्वच्छ लागायचं की निवेदिकेने पान उलटलेलं कळावं. मग स्टार्टर मारायचा, इंजिनाने धरायचं आणि बातम्यांच्या मागे टकटक सुरू व्हायची. रेस दिली की ती टकटक दाटत दाटत सलग तर्र व्हायची, पाय उचलला की पुन्हा सुटी सुटी. तिच्याही खाली एक बारीक शिट्टी असे, इंजिनाबरोबर चढणारी आणि उतरणारी. पावसात वायपर लावला की त्यात घरघर मिसळे. खडकवासल्यात पाणी किती टक्के झालं ते ऐकायला कान टवकारावेत, नेमका तेव्हाच चढ लागावा, रेस द्यावी लागावी आणि आकडा बुडून जावा.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. फिक्या निळ्या रंगाची प्रीमियर पद्मिनी, पण घरात आणि गल्लीत तिला फियाटच म्हणत. डॅशबोर्डात दोन गुंड्यांचा रेडिओ, मध्ये काचेखाली आकड्यांची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा तांबडा काटा. अण्णा मूळचे सांगलीचे, त्यामुळे पुणे-सांगली हा त्या रेडिओचा मुख्य रस्ता. पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, सांगली १२५१ वर. काटा इकडून तिकडे न्यायचं काम शेजारी बसणाऱ्याचं, आणि तो नेमका कधी न्यायचा यावर गाडीत दर वेळी मतभेद. खंबाटकी ओलांडली की पुणे विरळ व्हायला लागे, साताऱ्याच्या पुढे सांगली हळूहळू भरत येई. मधला पट्टा धड कुणाचाच नसे. पुण्यात टकटक बातम्यांच्या मागे राही, इथे ती पुढे येई. त्याचं कारण मला पुष्कळ उशिरा समजलं. केंद्राचा जोर कमी झाला की रेडिओ आपणहून स्वतःची ताकद वाढवतो आणि एरियलवर जे काही येईल ते सगळंच मोठं करून देतो. बातमी कोणती आणि ठिणगी कोणती, हे निवडायचं काम तो करत नाही. ते ऐकणाऱ्यावर सोडतो.

अण्णा ती खरखर मुकाट्याने सोसत. गाडी आहे, बोलणारच, असं म्हणत. मला ते जमलं नाही. गाडी माझ्या हातात आली तेव्हा ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले, तर तिथल्या मुलाने रेडिओकडे पाहिलंही नाही. "ताई, मीडियम वेव्ह आता कोण ऐकतं? पेन ड्राइव्हचा सेट बसवतो, एकदम क्लिअर." त्याच्या बाजूने ते बरोबरच असेल. मला मात्र वाईट वाटलं. रेडिओ बिघडलेला नव्हताच. तो जे ऐकत होता ते खरंखुरं घडत होतं, याच गाडीत, माझ्या पायांपासून हातभर अंतरावर. ऐकणाऱ्यालाच काढून टाकायचं, ही दुरुस्ती मला पटली नाही आणि अजूनही पटत नाही.

नाना पेठेतल्या एका बोळात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक काका आहेत. पत्र्याचं शटर, आत जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा, खिळ्यांना अडकवलेली रंगीत वायरींची वेटोळी, आणि काम सगळं रस्त्यावर. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. म्हणाले, "ताई, आधी आवाज कसला येतो ते तोंडाने काढून दाखवा." भर रस्त्यात मी टकटक करून दाखवली, मग शिट्टी, मग वायपरची घरघर. त्यांनी अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. "तीन निराळी दुखणी आहेत. एकदम धरायला गेलो तर एकही सापडणार नाही." पुढचे काही शनिवार मी त्यांच्या बोळात जात राहिले, आणि खरखर नावाची एकच गोष्ट नसते हे मला तिथे कळलं. माजघरात बसून पायरीवरच्या पावलांवरून कोण आलं ते ओळखावं, तसं काका ओळखतात.

त्यांची रीत अशी. गाडी जागेवर उभी, रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावलेला, म्हणजे गाणं-बातमी काही नको, नुसती खरखर हवी. इंजिन चांगलं वर न्यायचं आणि किल्ली एकदम पहिल्या घरात आणायची. टकटक त्या क्षणी तुटली तर ती प्लगांची, कारण किल्ली मागे येताच ठिणगी थांबते. शिट्टी मात्र पुलीबरोबर खाली खाली येत विझली तर ती अल्टरनेटरची, कारण इंजिन थांबेपर्यंत तो फिरतच असतो. इंजिन बंद असतानाही जे ऐकू येतं ते तिसऱ्याच कुणाचं: वायपरची मोटर, पंखा, हॉर्नचा रिले. मग दुसरा प्रश्न, आवाज आत येतो कुठून. रेडिओच्या पाठीमागची एरियलची पिन उपटायची. आवाज गेला तर तो हवेतून, एरियलच्या वाटेने येत होता. नाही गेला तर बॅटरीकडून येणाऱ्या वायरीतून येतोय. आणि आवाजाची गुंडी पूर्ण खाली केली तरी शिट्टी तेवढीच राहिली, तर ती गुंडीच्याही पुढे कुठेतरी शिरते आहे. एवढ्या तीन-चार गोष्टींना एक पानाही लागत नाही, टेस्टरही नाही. लागतं ते लक्ष. जो आवाज नकोसा झालाय त्याच्याकडे, आवडत्या गाण्याकडे द्यावं तितकं लक्ष. मला हे सुरुवातीला फार जड गेलं. नको असलेल्या गोष्टीकडे कान बंद करायची सवय आपल्याला किती घट्ट लागलेली असते!

पिन उपटल्यावर टकटक गेली. म्हणून पहिला संशय एरियलवर. फियाटचं एरियल पुढच्या मडगार्डवर, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचं. वरून झकास दिसत होतं. काकांनी चाकाच्या कमानीत आतून हात घातला, तिथला वाळलेला चिखल बोटांनी पाडला आणि नट सैल करून बूड खाली ओढलं. मडगार्डच्या पत्र्याला जिथे ते टेकतं तिथे धातू दिसतच नव्हता. वरून रंगाचे दोन थर, खालून गंज, आणि मध्ये रबराचा कुजून चिकट झालेला वायसर. एरियलच्या वायरीला आतल्या तारेभोवती तांब्याच्या जाळीचं वेष्टण असतं. ती जाळी गाडीच्या पत्र्याला घट्ट टेकलेली असली तरच ती ढालीचं काम करते आणि बॉनेटखालचा आवाज बाहेरच्या बाहेर पत्र्यात जिरतो. इथे ती कशालाच टेकलेली नव्हती. म्हणजे एवढी लांब वायर इंजिनाच्या शेजारून जाताना स्वतःच एरियल होऊन बसली होती. काकांनी पॉलिश पेपरचा तुकडा बोटाला गुंडाळला आणि नाण्याएवढी जागा घासायला घेतली. आधी निळा रंग गेला, मग खालचा तांबडा प्रायमर, मग काळपट गंज, आणि शेवटी पांढरा चकचकीत पत्रा. त्यावर ग्रीसचं बोट, नवा दातेरी वायसर, नट घट्ट. पिन लावली, इंजिन लावलं. टकटक निम्म्याहून कमी झाली होती. त्या वायसरपलीकडे एक पैशाचा नवा भाग बसवला नव्हता.

बॉनेटचंही तसंच निघालं. बॉनेट हा इंजिनावरचा पत्र्याचा पडदा, पण बिजागऱ्यांवर रंग आणि ग्रीस चढून तो पडदा गाडीपासून तुटलेला. तांब्याच्या चपट्या विणलेल्या पट्टीने तो बॉडीशी पुन्हा जोडला. एक्झॉस्टचा पाइप रबराच्या पट्ट्यांवर लोंबत असतो, तोही असाच सुटा पडून इंजिनाचा आवाज गाडीखालून लांबवर घेऊन जातो हे तेव्हाच कळलं. गाडीतली जी जी गोष्ट बाकीच्यांपासून सुटी पडलेली आहे, ती ती रेडिओत बोलते.

उरलेली टकटक मात्र उगमाशीच धरावी लागली. तो उगम मला फार मोहक वाटतो. कॉइलमधून दहा-वीस हजार व्होल्टचा दाब प्लगच्या टोकाशी येतो आणि मिलिमीटरभरही नसलेली फट ओलांडून ठिणगी उडते. चार सिलिंडरच्या इंजिनाला दर फेऱ्याला अशा दोन ठिणग्या लागतात. गाडी नुसती उभी राहून मिनिटाला आठशे फेरे घेत असली तरी सेकंदाला सव्वीस-सत्तावीस, आणि रस्त्यावर तीन हजार फेऱ्यांना शंभर. पहिल्या घरातून दुसऱ्या घरात गेल्यावर जी टकटक मला सुटी सुटी ऐकू यायची आणि पुढे तर्र व्हायची, ती ही मोजणी होती. ठिणगीला एखाद्या आकाशवाणी केंद्रासारखी आपली ठरलेली जागा नसते. ती पट्टीवरच्या सगळ्या आकड्यांवर एकदमच थोडी थोडी बोलते. म्हणून काटा कुठेही न्या, ती तिथे असतेच.

आणि हा खरं तर रेडिओचाच जुना आवाज आहे. १८८७ साली जर्मनीतल्या कार्ल्सरुहेला हाइनरिख हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी पहिल्यांदा प्रयोगाने दाखवल्या, त्या ठिणगीनेच. खोलीच्या एका बाजूला ठिणगी पाडायची आणि दुसऱ्या बाजूला तारेच्या उघड्या कड्यात उडणारी इवलीशी ठिणगी अंधारात डोळे ताणून पाहायची. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी याच लहरींनी लांबची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली, तीही ठिणगीच्या जोरावर. मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिकपलीकडे ऐकली ती तीन टिंबं ठिणगीच्या यंत्रानेच धाडलेली होती. पुढे जहाजं, बंदरं, सैन्य सगळे ठिणगीने बोलायला लागले आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला लागलं, तेव्हा तिला हळूहळू आकाशातून हद्दपार करण्यात आलं. एका ठरलेल्या लहरीवर सुरेल बोलणारी केंद्रं आली. ठिणगीला आसरा मिळाला तो मोटारीच्या इंजिनात. तिथे ती आजही तेच करते आहे, फक्त आता तिच्यापाशी सांगण्यासारखं काही नाही. आमच्या डॅशबोर्डातला रेडिओ तिचं ऐकून घेत होता, यात मला त्याचा दोष वाटेनासा झाला.

मोटारीत रेडिओ बसवू पाहणाऱ्या पहिल्या लोकांची या ठिणगीशी गाठ पडलीच. शिकागोच्या पॉल गॅल्विनने १९३० साली आपल्या गाडीत रेडिओ बसवून तो थेट अटलांटिक सिटीच्या व्यापारी मेळ्याला नेला, आणि त्याच सुमाराला ‘मोटोरोला’ हे नाव जन्माला आलं. त्या काळचा रेडिओ बसवायचा म्हणजे प्लगांवर आणि डिस्ट्रिब्युटरवर आवाज दाबणारे रोध बसवणं हे त्याच कामात धरलेलं असे. आजच्या गाड्यांत ते प्लगच्या पोटातच असतात, म्हणून आपल्याला त्यांची आठवण राहत नाही. आमच्या फियाटच्या प्लगच्या वायरी कधीतरी कुणीतरी साध्या तांब्याच्या घातल्या होत्या. काकांनी त्या काढून कार्बन भरलेल्या दोऱ्याच्या वायरी आणि रोधवाले प्लग घातले. मला शंका होती, वाटेत एवढे हजारो ओहम घातले तर ठिणगी दुबळी होईल. तसं होत नाही. ठिणगीला हवा असतो तो दाब, तिच्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा. रोध तिच्या आड येत नाही, पण ती उडून गेल्यावर वायरीत जे भरभर हेलकावे बसतात ते शमवतो, आणि रेडिओत येत होते ते हेलकावेच. कॉइलच्या ज्या टोकाला बॅटरीची वायर येते तिथे आवाज शोषणारा एक छोटा कंडेन्सर बसवला. दुसऱ्या, म्हणजे ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या पॉइंटच्या बाजूच्या टोकाला तो चालत नाही. तिथे लावला तर ठिणगीच बिघडते. त्या दिवशी नाना पेठेतून घरी येताना एका लाल दिव्याला थांबले होते. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चालू होता, हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल कुणी कृषी अधिकारी बोलत होते. मी त्यातला शब्द न् शब्द ऐकला.

शिट्टी राहिलीच होती. आमच्या गाडीला मुळात डायनॅमो होता, अण्णांनी पुढे कधीतरी अल्टरनेटर बसवून घेतला होता. अल्टरनेटर उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो आणि त्याच्या पोटातले सहा डायोड ती एका दिशेची करतात. ती कितीही सरळ केली तरी तिच्यावर बारीक लाटा उरतात. इंजिन संथ चालत असताना या लाटा सेकंदाला साधारण हजारच्या घरात असतात, म्हणून त्यांची शिट्टी होते आणि म्हणूनच ती रेस दिली की चढते. कंडेन्सर लावून ती झाकता आली असती. काका म्हणाले, "झाकायची नंतर. आधी एवढी जोरात का वाजते ते बघू." अल्टरनेटर उतरवला तर एक डायोड गेलेला. तो तसाच राहिला असता तर एक दिवस बॅटरी उतरून गाडी कुठेतरी घाटात उभी राहिली असती. म्हणजे किती दिवस ती शिट्टी आम्हाला काही सांगत होती आणि आम्ही आवाज वाढवून सनई ऐकत होतो. डायोड बदलल्यावर शिट्टी पार गेली नाही, पण इतकी मऊ झाली की मुद्दाम ऐकल्याशिवाय सापडत नाही. तेवढी मी राहू दिली आहे. अल्टरनेटर ठीक आहे हे मला रोज कळत राहतं.

एफ. एम. वर हा सगळा खटाटोप फारसा लागत नाही. मीडियम वेव्हवर आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि ठिणगीही उंचीतच भर घालते, त्यामुळे दोन्ही वेगळे करता येत नाहीत. एडविन आर्मस्ट्राँगने १९३३ साली आवाज लहरीच्या वारंवारितेत भरायची रीत पेटंट केली. मग उंचीवरचं सगळं छाटून टाकलं तरी चालतं. फार मोठं काम होतं ते. तरीही लांबच्या रस्त्यावर मला मीडियम वेव्हच बरी वाटते. एफ. एम. डोंगराआड गेलं की संपतं. मीडियम वेव्ह जमिनीला धरून येते आणि येताना वाटेतलं सगळं घेऊन येते. वळवाच्या दिवसांत, डोळ्यांना ढग दिसायच्या आधी, ७९२ च्या मागे कडाड असा कोरडा आवाज येतो. कुठेतरी शे-दीडशे किलोमीटरवर वीज पडलेली असते. रशियात अलेक्सांद्र पोपोव्हने १८९५ साली केलेलं यंत्र नेमकं हेच ऐकायला वापरलं गेलं. गावाबाहेर उच्च दाबाच्या तारांखालून जाताना येणारी भरडी भर्र तर गाडीची नसतेच, ती त्या जागेची असते. खांब मागे पडला की तीही मागे पडते. कराडच्या अलीकडे एका वळणावर ती इतकी नेमाने येते की डोळे मिटून बसलेला माणूसही आता कुठे आलो ते सांगेल.

न हटणाऱ्या आवाजाचा विषय निघाला की मला कार्ल जान्स्की आठवतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे बेल लॅब्जने त्याला काम दिलं होतं ते काकांच्याच जातीचं: समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर येते, ती कुठून येते ते शोधा. त्याने लाकडी चौकटीवर तारांचं सुमारे तीस मीटर लांबीचं एरियल उभारलं आणि ते चारी दिशांना फिरावं म्हणून खाली चाकं लावली. ही चाकं फोर्डच्या मॉडेल टी मोटारीची होती! दर वीस मिनिटांना एक फेरा. जान्स्कीने खरखरीची वाटणी केली. जवळची वादळं, लांबची वादळं, आणि तिसरी एक मंद, सतत चालणारी सूं. ही तिसरी रोज चार-एक मिनिटं लवकर येई. सूर्याच्या दिवसाशी ती जुळत नव्हती, ताऱ्यांच्या दिवसाशी जुळत होती. १९३३ साली त्याने जाहीर केलं की ही सूं आकाशगंगेतून येते, आणि धनू राशीच्या दिशेने सगळ्यात जोरात येते. टेलिफोनवाल्यांच्या दृष्टीने काम संपलं, कारण आकाशगंगेला कंडेन्सर लावता येत नाही.

त्याचं पुढचं पाऊल उचललं ग्रोट रेबर नावाच्या एका रेडिओ अभियंत्याने. इलिनॉयमधल्या व्हीटन गावी, १९३७ साली, स्वतःच्या खर्चाने, घराच्या परसात त्याने साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारली आणि नोकरी सांभाळून आकाशगंगेचा पहिला रेडिओ नकाशा काढला. तो रात्री उशिरा काम करायचा. दिवसा समोरच्या रस्त्यावरून मोटारी जात आणि त्यांच्या प्लगांच्या ठिणग्या कागदावर उभ्या काट्यांनी उमटत. त्याच्या नोंदपट्ट्यांवर ते काटे अजून दिसतात. ती चित्रं पाहताना मी पहिल्यांदा आकाशगंगा पाहिलीच नाही, ते काटे पाहिले. कुठल्या कोणा माणसाची गाडी, कित्येक दशकांपूर्वी कामावरून घरी परतणारी, तिची टकटक आकाशगंगेच्या अंगावर कायमची टिपलेली.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव सोडून आत खोडदला गेलं की रेबरच्या तबकडीसारख्याच आकाश ऐकणाऱ्या, शेतांमध्ये उभ्या पांढऱ्या जाळीच्या तबकड्या दिसायला लागतात. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अशा तीस, मधल्या काही जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना, टोकापासून टोकापर्यंत पंचवीस किलोमीटरच्या टापूत पांगलेल्या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी या दुर्बिणीसाठी ही जागा निवडली त्यामागे एक मोठं कारण असं की इथे माणसांचा रेडिओ गोंगाट कमी होता. तिथल्या संशोधकांना आजही सतावतात त्या विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, म्हणजे कुठे सैल जोड, कुठे मळलेला इन्सुलेटर. कराडच्या अलीकडच्या माझ्या वळणावरची भर्र आणि ही एकच. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ तर डिझेलच्याच गाड्या नेतात, कारण डिझेलला प्लगची ठिणगी लागत नाही. खोडदला गेले तेव्हा मी फियाट बरीच अलीकडे थांबवून पुढे चालत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या लांबून आलेल्या गोष्टीच्या मध्ये आपण बोलू नये असं वाटलं, इतकंच.

नव्या गाड्यांची खरखर निराळी आहे. एका भाचीच्या गाडीत मीडियम वेव्ह लावून पाहिली तर पट्टीभर एकसारखी भुणभुण. इंजिन बंद केलं तरी तीच. मग एक एक वस्तू काढत गेलो. मोबाइलचा चार्जर सिगारेटच्या सॉकेटातून उपटला आणि भुणभुण थांबली. त्या बोटभर डबीत वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते आणि तिचे पडसाद बरोबर मीडियम वेव्हवर येतात. दुसऱ्या बनावटीचा चार्जर घातला तर काही नाही. विजेच्या गाड्यांत तर मोटर चालवणारी सगळी यंत्रणाच अशी चालू-बंद होणारी, म्हणून अनेक कंपन्यांनी त्यांतून ए. एम. काढूनच टाकलं. २०२३ साली अमेरिकेत फोर्डने नव्या गाड्यांतून ते वगळायचं जाहीर केलं आणि लोकांचा आग्रह पाहून त्याच वर्षी निर्णय फिरवला. वादळात-पुरात मोबाइल बंद पडल्यावर हाच रेडिओ चालतो, हा तिथल्या लोकांचा मुद्दा होता. कृष्णाकाठच्या माणसाला तो समजावून सांगायची गरज नाही. ढाली, जाळ्या, फिल्टर लावून त्या गाड्यांतही मीडियम वेव्ह ऐकता येते, फक्त त्यासाठी कुणीतरी ती ऐकण्याजोगी मानायला हवी.

आमच्या फियाटमध्ये आता एकच आवाज उरला आहे. सुक्या रस्त्यावर, गाडीने वेग धरल्यावर, बातम्यांच्या मागे खूप बारीक तडतड. ओल्या रस्त्यावर ती नसते. इंजिनाच्या फेऱ्यांशी तिचं नातं नाही, गिअर बदलला तरी ती तशीच राहते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेल्या मोटार-रेडिओवरच्या एका इंग्रजी पुस्तकात लिहिलंय की पुढची चाकं बेअरिंगच्या ग्रीसवर तरंगत फिरतात आणि गाडीपासून सुटी पडतात. रस्त्याशी घासून त्यांच्यावर वीज साठते आणि ती बारीक उड्या मारत गाडीत येते. ब्रेक अगदी हलका टेकवला आणि तडतड थांबली तर चाकं, आणि मग चाकाच्या टोपणात एक छोटी स्प्रिंग बसवायची. काकांना हे पटत नाही. टायरमध्ये काजळी असते, वीज तिच्यातून उतरून जाते, म्हणतात. त्यांचा संशय स्पीडोमीटरच्या केबलवर. चाकाच्या वेगाने फिरणारी तीच दुसरी वस्तू, आणि तिचं वरचं टोक रेडिओच्या अगदी कुशीत. पाऊस उघडेपर्यंत दोघांनाही थांबणं भाग आहे. दिवाळीनंतर सांगलीला जायचं ठरलंय. काका म्हणाले, जाताना केबल सोडून जा, येताना जोडून या. ब्रेक टेकवून पाहायचं काम मी दोन्ही वेळा करणार आहे.